घर नाशकात, बटण पुण्यात

पत्र असं आहे (लांब होतं, थोडं कापून देतोय):

"मी ६६ वर्षांची, बँकेतून निवृत्त. नाशिकला आमचं रो-हाउस आहे. घरात मी, माझे मिस्टर (वय ७२, बायपास झालेली, कानाने कमी ऐकू येतं) आणि मुलीचा मुलगा, नववीत. मुलगा-सून पुण्याला. गेल्या दिवाळीत मुलाने हौसेने घर स्मार्ट करून दिलं. दाराला आकड्यांचं कुलूप, हॉलमध्ये कॅमेरा आणि अलेक्साचा स्पीकर, दिवे, गीझर, पाण्याची मोटर, सगळं फोनवर. फोन मात्र त्याचा.

जानेवारीत एका सकाळी मिस्टरांच्या अंगाला साबण आणि गीझर एकदम बंद, पाणी गार. मुलाने पुण्याहून बंद केला होता, 'दोन तास चालू दिसत होता' म्हणून. हळदीकुंकवाला हॉल बायकांनी भरलेला आणि स्पीकरमधून त्याचा आवाज आला, 'आई, दार सताड उघडं दिसतंय.' सगळ्या हसल्या. मीही हसले. पण तेव्हापासून मी दुपारी हॉलमधल्या दिवाणावर आडवी होत नाही.

पासवर्ड फॅमिली ग्रुपवर टाकलेला आहे, त्यामुळे नातू रात्री आजोबांच्या खोलीतले दिवे लावतो-विझवतो. कुलपाचा आकडा म्हणजे मिस्टरांचं जन्मसाल, तो स्वयंपाकाच्या मावशींपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना पाठ आहे. मुलाला दुखवायचं नाही, त्याने काळजीपोटीच केलंय. पण माझ्याच घरात मला पाहुणीसारखं वाटतं. काय करू?"

काकू, नमस्कार.

तुमचं पत्र वाचून आधी हसू आलं आणि मग ओशाळायला झालं. लोकांच्या घरी हीच उपकरणं बसवून देणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे, आणि तुमच्या मुलाने जे केलं तेच मी माझ्या आईकडे केलं होतं. वडील गेल्यावर तिच्या स्वयंपाकघरात कॅमेरा लावला, गॅस चालू राहिला तर दिसावा म्हणून. आठवड्याभरात फोनवर ओट्याऐवजी पांढरी जाळी दिसायला लागली. पूर्वी आमच्या टीव्हीवर असायचा तो क्रोशाचा रुमाल तिने कॅमेऱ्यावर घातला होता. विचारलं तर म्हणाली, "धूळ बसते रे त्याच्यावर." पुढच्या खेपेला मी कॅमेरा काढून आणला. त्या विषयावर आम्ही दोघं आजतागायत बोललेलो नाही.

त्यामुळे मुलाची बाजू मला कळते. तुमची बाजू मला कळायला एक रुमाल लागला होता.

तुमच्याकडे उपकरणं ठीक आहेत, घोळ सातबाऱ्यात आहे. रो-हाउस तुमच्या नावावर असेल, पण अ‍ॅपमधलं 'घर' मुलाच्या नावावर लागलंय. ज्याच्या खात्यातून उपकरण पहिल्यांदा जोडलं जातं तो त्याचा मालक. कुणाला आत घ्यायचं, कुणाला काढायचं, कुणाला काय दिसेल, हे तोच ठरवतो. बाकीचे झाले कुळं. तुम्हाला तर कुळाचाही दर्जा नाही, कारण तुम्ही आणि नातू मुलाचाच पासवर्ड टाकून आत शिरताय. अ‍ॅपच्या लेखी नाशिकच्या घरात एकच माणूस राहतो आणि तो पुण्यात असतो.

एकच पासवर्ड सगळ्यांनी वापरला की गीझर नातवाने बंद केला तरी नोंद मुलाच्या नावाने होते. भांडण झालं तर कुणी काय केलं हे सांगता येत नाही, आणि एकाला बाहेर काढायचं तर सगळ्यांनाच काढावं लागतं. तुम्ही नवा फोन घेतलात की ओटीपी मुलाकडे जातो आणि तो मीटिंगमध्ये असतो. ग्रुपवरचा तो जुना मेसेज आता 'सगळ्यांसाठी डिलीट' होणार नाही. त्याला साधारण अडीच दिवसांची मुदत असते, ती दिवाळीतच संपली. तो पासवर्ड फुटला असं धरा आणि मुलाला आज रात्रीच बदलायला सांगा. तोच पासवर्ड त्याच्या मेललाही असेल तर तिथलाही. (असतो. दहातल्या आठ घरांत असतो, हा माझा अनुभव आहे, आकडेवारी नव्हे.)

पुढच्या वेळी मुलगा नाशिकला येईल तेव्हा त्याची एक अख्खी दुपार मागून घ्या. जेवण झाल्यावर, आडवं होण्याआधी. सगळी उपकरणं तुमच्या खात्यावर घ्यायची आहेत. तुमचा स्वतःचा ईमेल, तुमचा मोबाईल नंबर, पासवर्ड तुम्ही ठरवलेला. मालकी बदलायची सोय काही अ‍ॅपमध्ये असते, पुष्कळांत नसते. नसेल तर उपकरण मुलाच्या खात्यातून काढून, रिसेट करून तुमच्या फोनवरून नव्याने जोडावं लागतं. स्मार्ट प्लगचं (उपकरण आणि भिंतीतला पॉइंट यांच्या मध्ये बसतो तो) बटण पाच-सहा सेकंद दाबून धरायचं. बल्बाला बटण नसतं. बरेचसे बल्ब भिंतीवरच्या स्विचने ओळीने तीनदा चालू-बंद केले की लुकलुकायला लागतात, म्हणजे ते तयार झाले. राउटर बहुधा दोन वायफाय देतो, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झचं. जोडताना फोन २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर ठेवा. स्वस्तातली बहुतेक उपकरणं ५ गिगाहर्ट्झ ओळखतच नाहीत, आणि ही एक गोष्ट माहीत नसल्यामुळे चांगली शिकलेली माणसं तासभर घाम गाळताना मी पाहिली आहेत.

रिसेट केलं की मुलाने लावलेली वेळापत्रकं पुसली जातात. म्हणून त्याआधी ती वहीत उतरवून घ्या: अंगणातला दिवा किती वाजता, मोटर किती मिनिटं. बँकेत आयुष्य गेलंय तुमचं, खातं बंद करण्याआधी शिल्लक लिहून घ्यायची हे मी सांगायला नको.

मग मुलाला आत घ्यायचं, त्याच्या स्वतःच्या खात्याने. स्मार्ट लाइफ हे तुया कंपनीचं; त्यात आणि त्याच कंपनीच्या पायावर उभ्या असलेल्या कितीतरी ब्रँडांच्या अ‍ॅपमध्ये घराचा मालक, त्याखाली अ‍ॅडमिन आणि त्याखाली साधा सदस्य अशा पायऱ्या असतात. अख्खं घर न देता एखादंच उपकरणही शेअर करता येतं. गूगल होममध्ये पूर्वी आत आलेला प्रत्येक माणूस सारख्याच हक्काचा असायचा. आता तिथेही अ‍ॅडमिन आणि मेंबर असा फरक केलाय. अ‍ॅपलवाल्यांकडे प्रत्येकाच्या नावापुढे दोन परवानग्या असतात: बाहेरगावाहून चालवता येईल का, आणि उपकरणं जोडता-बदलता येतील का. नावं वेगळी, तत्त्व तलाठी कार्यालयातलंच. मालकी एकाची, वहिवाट दुसऱ्याची, आणि बाकीच्यांना नुसती पायवाट.

मुलाला कुठला दर्जा द्यायचा? तुम्ही कदाचित म्हणाल, नुसता सदस्य. मी म्हणेन, अ‍ॅडमिन. तुमचा फोन उद्या पाण्याच्या बादलीत पडला तर घरात दुसरं कुणीतरी सगळं उघडू शकणारं हवं. नातू लहान आहे आणि मिस्टरांना यात रस दिसत नाही. अविश्वास तुमच्या पत्रात मला कुठेच दिसला नाही. अ‍ॅडमिन राहू दे त्याला, फक्त दोन गोष्टी त्याच्या हातातून काढा, गीझर आणि हॉल.

आधी गीझर. त्यात मला एक गोष्ट खटकली आहे. साठवणीच्या गीझरची वीज तोडली तर टाकीतलं पाणी लगेच गार होत नाही, ते तासन्‌तास कोमट राहतं. तुमच्याकडे एकदम गार पाणी आलं, म्हणजे तुमचा गीझर ३ लिटरचा इन्स्टंट असणार. असा गीझर वापर झाल्यावर बंद करावा, हे मुलाचं बरोबरच आहे. पण बाथरूममध्ये कोण आहे, अंगाला साबण आहे की टॉवेल, हे पुण्यात कळत नाही. अ‍ॅपला फक्त प्लग चालू आहे एवढंच दिसतं. बायपास झालेल्या बाहत्तर वर्षांच्या माणसाच्या अंगावर नाशिकच्या जानेवारीत गार पाणी पडणं ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. हे वाक्य मुलाला जसंच्या तसं वाचून दाखवा.

आंघोळीच्या वेळेशी जुळेल असा टायमर अ‍ॅपमध्ये लावा: चालू केल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी आपोआप बंद. माणसाला पुण्याहून बोट दाबायचं कारणच उरू नये. शिवाय चालू करण्याचं बटण बाथरूमच्या दाराशेजारी, हाताच्या उंचीवर हवं. स्मार्ट प्लग सहसा गीझरजवळच्या पॉइंटला, म्हणजे छताखाली लावलेला असतो. तिथवर मिस्टरांचा हात पोचायला स्टूल लागेल, आणि स्टुलावर चढलेले मिस्टर ही वेगळीच काळजी. दाराजवळच्या बोर्डात गीझरसाठी बनवलेला भारी क्षमतेचा स्मार्ट स्विच बसवून घ्या. तो हाताने दाबता येतो आणि फोनवरूनही चालतो. वायरमन आलाच आहे तर बाथरूमच्या लाइनीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळायला लागली की लाइन तोडणारा स्विच) आहे का, तेही विचारा. आणि अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये वीज जाऊन परत आल्यावर काय करायचं, हा पर्याय शोधा. गीझर आणि मोटरला तिथे 'बंद' ठेवा. नाहीतर लाइट गेले असताना कुणी मोटरचं बटण चालू ठेवून गेलं, की मध्यरात्री वीज आल्यावर टाकी गच्चीवरून अंगणात येते.

माझ्या गिऱ्हाइकांकडे मी एक नियम भिंतीवर लिहून देतो. ज्याला माणसाचं अंग लागलेलं असू शकतं ते (गीझर, मोटर, दार) घरी आधी फोन करून विचारल्याशिवाय बाहेरून कुणी चालवायचं नाही. दिवे-पंखे खुशाल चालवा.

याच ओघात: भिंतीवरची बटणं जिवंत राहिली पाहिजेत. मिस्टरांना ऐकू कमी येतं, अलेक्साला मराठी बोललेलं कळत नाही, दोघांत फारसा संवाद होण्याची शक्यता नाही. त्यांनी बटण दाबलं की दिवा लागला पाहिजे आणि दाबलं की विझला पाहिजे. स्मार्ट बल्बाची हीच पंचाईत आहे: स्विच बंद केला की बल्ब अ‍ॅपसाठी मेला, म्हणून मुलं स्विचवर चिकटपट्टी लावून ठेवतात. बोर्डाच्या मागे बसणारं, भिंतीवरचं साधं बटणच फोनशी जोडणारं मॉड्यूल लावलं की दोन्ही बाजू सुखी.

आता स्पीकर. हळदीकुंकवाला मुलगा ज्या वाटेने आला तिला अलेक्साच्या अ‍ॅपमध्ये 'ड्रॉप इन' म्हणतात. तो फोन नव्हे, समोरच्याने उचलायची गरजच नसते. स्पीकरवर हिरवा दिवा फिरतो आणि पलीकडचा माणूस तुमच्या हॉलमध्ये हजर होतो. सेटिंगमध्ये तीन पर्याय असतात: परवानगी दिलेल्यांना चालू, फक्त आपल्या घरच्यांना, आणि बंद. मधला पर्याय निवडून बायका निर्धास्त होतात. पण स्पीकर मुलाच्या खात्यावर असेल तोवर 'आपलं घर' म्हणजे ते खातं, आणि ते खातं पुण्यातल्या फोनवर उघडं आहे. म्हणून बंदच करा. त्याला बोलायचं असेल तर साधा फोन लावेल, तुम्ही उचलाल किंवा नाही उचलणार.

आणि एक, कदाचित तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. स्पीकरला तुम्ही जे जे सांगता-विचारता ते ज्याचं खातं त्याच्या अ‍ॅपमध्ये तारखेनिशी लिहून राहतं, आवाजासकट ऐकताही येतं. तुम्ही पहाटे कुठली भजनं लावलीत, गुडघेदुखीवर काय विचारलंत, सगळं. मुलगा बघत असेल असं मी म्हणत नाही. त्यालाही बहुधा माहीत नसेल. पण अलेक्साची नोंदणी तुमच्या अ‍ॅमेझॉन खात्यावर करून घ्या, आणि इतिहास साठवू नये असा पर्याय आहे तो निवडा. पाहुणे येणार असतील तेव्हा स्पीकरवरचं मायक्रोफोनचं बटण दाबायचं, लाल दिवा लागला की त्याचे कान बंद. स्पीकर खिडकीपाशी ठेवला असेल तर आत सरकवा. बाहेरून ओरडणाऱ्याचंही तो तितक्याच आज्ञाधारकपणे ऐकतो. कुलूप आवाजाने उघडायची सोय असेल तर ती सरळ बंद. तिला पिन लागतो हे खरं, पण पिन मोठ्याने बोलायचा म्हणजे तो गल्लीला सांगायचा.

कुलपाचं काम सगळ्यात सोपं आहे, आणि ते मुलगा येण्याची वाट न बघता नातवाला हाताशी घेऊन करता येईल. जन्मसाल काढून टाका. प्रत्येकाला वेगळा, सहा आकडी पिन द्या, म्हणजे नोंदीत कोण कधी आलं ते दिसतं, आणि एकाचा बदलला तर बाकीच्यांना त्रास नाही. मावशींच्या पिनला वेळ बांधून देता येते, सकाळी सात ते दहा. प्लंबरला एकदाच चालणारा पिन. दूधवाल्याला कशाला हवाय? पिशवी कडीला अडकवू दे, पूर्वीसारखी.

मावशींना बोटाचा ठसा द्यायला जाऊ नका. भांडी-धुण्याने झिजलेली बोटं कुलूप बऱ्याचदा ओळखत नाही, आणि दारात उभं राहून पाच-पाचदा बोट घासणं अपमानास्पद वाटतं. वय झालेल्या बोटांचंही तेच, मिस्टरांचा ठसा आधी चार दिवस आजमावून बघा. कार्ड किंवा पिन बरा. आणि येण्या-जाण्याची नोंद होते, कॅमेरा आहे, हे मावशींना तोंडाने सांगा. त्यांना ते दुसऱ्या कुणाकडून कळता कामा नये.

दार आपोआप लागतं ती सोय दुपारची बंद ठेवा. तुळशीला पाणी घालायला बनियनवर बाहेर आलेला आणि आत जाता न आलेला गृहस्थ मी एकदा स्वतः सोडवलाय. सेल संपत आले की कुलूप आधी बरेच दिवस कुरकुरतं, त्याकडे दुर्लक्ष करू नका. अगदीच बंद पडलं तर बऱ्याच कुलपांना खालून ९ व्होल्टचा चौकोनी सेल टेकवून तात्पुरती वीज देता येते. तो एक सेल आणि साधी किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवून द्या. मुख्य पिन कागदावर लिहून कपाटात, दागिन्यांच्या डब्यात. फोनमध्ये नको.

राहिला हॉलमधला कॅमेरा. त्याबाबत मी गुळमुळीत बोलणार नाही. तिथून काढा आणि बाहेर दाराकडे तोंड करून लावा, शेजाऱ्यांचं दार त्यात येणार नाही अशा बेताने. दुपारी दिवाणावर पाय पसरायला, गाऊनवर बसून शेंगा सोलायला, मिस्टरांशी वाद घालायला घरात एक जागा लागते. आणि पुण्यात तो कॅमेरा मुलगा एकटाच बघतो की सूनही, कधी तिच्या माहेरची माणसं बसलेली असताना टीव्हीवर लागतो का, हे तुम्हाला माहीत नाही. बाहेरच्या कॅमेऱ्याचं मुलाला थेट चित्र दिलंत तरी पुरे. बऱ्याच अ‍ॅपमध्ये थेट चित्र आणि साठवलेलं चित्रण यांची परवानगी वेगळी देता येते.

कायद्याचं विचाराल तर खासगी अवयवांचं चित्रण संमतीशिवाय टिपणं किंवा पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००च्या कलम ६६-ई खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. झोपायच्या खोलीत, बाथरूमच्या वाटेवर कॅमेरा लावणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं. पण मुलाने आईच्या हॉलमध्ये लावलेल्या कॅमेऱ्याला त्यातलं काही लागू होत नाही. २०२३ चा व्यक्तिगत डेटाचा कायदासुद्धा घरगुती, वैयक्तिक वापराला हात लावत नाही. हा निवाडा तुमच्या जेवणाच्या टेबलावरच व्हायचा आहे.

तिथे काय बोलायचं? मुलाला खरं तर चित्र नकोय. आई-बाबा उठले, हिंडताहेत, एवढं त्याला कळायला हवंय. त्यासाठी दाराला लावायचा एक छोटा सेन्सर मिळतो, दोन बोटांएवढा. तो चहा-साखरेच्या कपाटाच्या दाराला लावा. सकाळी कपाट उघडलं की मुलाच्या फोनवर एक ओळ जाते. सात-साडेसातपर्यंत ती ओळ गेली नाही तर तो फोन करेल, आणि ते तुम्हालाही आवडेल. माझ्या आईकडे आता हेच आहे. तिने त्यावर अजून रुमाल घातलेला नाही.

मुलाला सांगताना 'तू माझ्यावर पाळत ठेवतोस' असं सुरू केलंत तर तो दुखावेल आणि उरलेली दुपार गप्प राहील. "मला हे सगळं शिकव, आता मी चालवते" असं म्हणा. हौशी मुलांना शिकवायला सांगितलं की ती विरघळतात. आणि फोन त्याच्या हातात देऊ नका. तुमच्या हातात ठेवा, तो नुसता बोलू दे. फोन त्याच्याकडे गेला की पाच मिनिटांत सगळं करून परत देईल आणि तुम्ही होतात तिथेच राहाल.

नातवाचं: चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाचं स्वतःचं खातं असू शकतं, ते सदस्य म्हणून जोडा. दिवे, टीव्ही, त्याच्या खोलीतला पंखा त्याचा. आजोबांची खोली नाही. रात्रीचे दिवे हा खोडसाळपणा आहे, पण ऐकू कमी येणाऱ्या माणसाला अंधारात अचानक दिवा लागणं-विझणं फार घाबरवतं. त्याला एकदा कानात कापूस घालून अंधाऱ्या खोलीत बसवा आणि तुम्ही दिवा लावा-विझवा. समजेल. त्याचे मित्र येतात तेव्हा त्यांना राउटरचं पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय द्या, मुख्य पासवर्ड नको.

ज्या वाचक बायका (पुरुषसुद्धा) हे वाचून मनात म्हणताहेत की आमच्याकडे काळजी नाही, धाक आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द. वर लिहिलेलं लगेच करू नका. खात्यातून कुणाला काढलं, पासवर्ड बदलला की समोरच्याला बहुधा कळतं, आणि त्याच रात्री घरात काय होईल याचा विचार आधी व्हायला हवा. २०१८ साली इंग्लंडमध्ये एका माणसाला तुरुंगवास झाला. त्याने घर सोडलं होतं, पण घराच्या भिंतीवरच्या टॅबलेटमधून तो वेगळ्या राहणाऱ्या बायकोचं बोलणं ऐकत होता. घर सुटलं होतं, अ‍ॅप सुटलं नव्हतं. तुमच्यावर असं काही होत असेल तर आधी महिला हेल्पलाइन १८१ ला फोन करा (ऑनलाइन छळाची तक्रार cybercrime.gov.in या सरकारी पोर्टलवरही करता येते), आणि तो फोन घरच्या स्पीकरसमोर करू नका.

काकू, मुलगा येईल तेव्हा येईल. एक काम आजच करा. मेन बंद करा, नातवाला स्टुलावर चढवा, तुम्ही स्टूल धरा, आणि गीझरच्या स्मार्ट प्लगवर १० अँपिअर लिहिलंय की १६, ते त्याला वाचायला सांगा. ३ किलोवॅटचा इन्स्टंट गीझर १३ अँपिअर ओढतो. १६ असेल तर मुलगा येईपर्यंत चालू द्या. १० असेल, किंवा प्लास्टिक पिवळं पडलेलं, पिनांजवळ किंचित वितळलेलं दिसलं, तर तो प्लग तिथेच काढा आणि गीझर पूर्वीसारखा थेट बटणावर चालवा. काय निघालं ते मला कळवा.